खालचा कप्पा

आधी नाव सांगते, मग काय घडलं ते. अनंत मोरेश्वर गुप्ते. पूर्ण नाव सांगायलाच हवं, कारण अर्धं नाव त्यांना चालत नसे. राहणार चिंचपोकळी, आमच्याच चाळीत, तळमजल्यावर, नळासमोरची खोली. माझी आई बारा-तेरा वर्षांनी वेळेवर जेवायला बसू लागली ती या माणसामुळे. ते कसं, ते पुढे येईलच. मी चौथीपर्यंत शिकलेली. लिहिताना चुकतं, आणि चुकलं की छातीत धडधडतं. पण हे कुणीतरी लिहायला हवं, आणि दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही.

चाळीत त्यांना तोंडावर गुप्तेकाका म्हणायचे आणि पाठीमागे मयतकाका. नवं माणूस भेटलं की लोक विचारतात, गाव कुठलं, कामाला कुठे. काका विचारायचे, "पूर्ण नाव?" ते सांगितलं की लगेच दुसरा प्रश्न, "वडील? हयात की मयत?" यात वाकडेपणा काही नव्हता. जन्ममृत्यूच्या नोंदीच्या कचेरीत, मयतांच्या खिडकीमागे बसून त्यांची तीस वर्षं गेली होती. पेन्शनीत निघाले तरी खिडकी काही त्यांच्या तोंडावरून हलली नाही.

एकदा वरच्या मजल्यावरच्या मुलीला बघायला पाहुणे आले. काकांनी मुलाला जिन्यातच गाठलं. पूर्ण नाव झालं, वडील झाले. "आजोबा?" मयत. "कशाने?" पटकीनं. "पणजोबा?" मुलाला घाम फुटला. मागून त्याची आई म्हणाली, "अहो, आम्ही मुलगी बघायला आलोय की दहाव्याला?" लग्न मोडलं नाही, पण त्या जावयानं पुढे कधी तो जिना वापरला नाही. मागच्या गल्लीतून यायचा.

मी मुंबईला आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. वेंगुर्ल्याहून बोटीनं आले. मावशी चाळीत खानावळ चालवायची. गिरणीतली पंचवीस माणसं तिच्याकडे जेवायची, आणि तिचे हात दुखायला लागले होते म्हणून तिनं मला बोलावलं. डोक्यावर ट्रंक घेऊन मी चौकात उभी राहिले. समोर छत्री काखेत धरून एक किडकिडीत म्हातारा.

"पूर्ण नाव?"

"शेवंता विठोबा धुरी."

"वडील? हयात की मयत?"

मी म्हटलं, "ठावक नाय."

काकांनी चष्मा काढला. तीस वर्षांत हे उत्तर त्यांनी ऐकलं नसेल असं नाही, पण दारात उभं राहून कुणी इतकं सरळ दिलं नसावं. "ठाऊक नाही असा रकाना नसतो, बाई," ते हळूच म्हणाले. तेवढ्यात मावशी लाटणं घेऊनच बाहेर आली. "चेडू आत्ता बोटीतसून उतारला, आणि तुमचा मयत सुरू? सरा बघू वाटेतसून!"

काका सरले. पण ते "ठावक नाय" त्यांच्याजवळ राहिलं.

आता ते ठाऊक का नव्हतं ते सांगते. माझे बाबा खलाशी. मालाच्या बोटीवर. लढाईच्या दिवसांत त्यांची बोट गेली, ती आली नाही. मी सहा वर्षांची होते. कंपनीचं इंग्रजी पत्र आलं. आमच्या मास्तरांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "बेपत्ता लिहिलंय. मेला असं नाही लिहिलेलं." बस. त्या एका शब्दावर आई थांबली. कुंकू होतं, पण हळदीकुंकवाला बोलावणं यायचं नाही. कोण बोलावणार, न जाणो उद्या काही कळलं तर? वटपौर्णिमेला ती वडाकडे निघाली की बायका जरा बाजूला व्हायच्या. पितृपक्षात पान वाढायचं तर जिवंत माणसाचं कसं वाढणार? आणि रोज संध्याकाळी ती बाबांचं ताट घ्यायची. ते निवून जायचं. मग ती जेवायची. माझी शाळा चौथीत सुटली त्याचं मला तेवढं नाही वाटलं, जेवढं त्या निवलेल्या ताटाचं वाटायचं.

मुंबईत आल्यावर मला गावाची फार आठवण यायची. एक दिवस नळाशेजारी लक्ष गेलं. भिंतीला टेकून एक काळा दगड अर्धा जमिनीत रुतलेला. वर कळस कोरलेला, त्याखाली चंद्रसूर्य, पिंडी, झिजलेली माणसं. बायका त्याच्यावर साबण ठेवायच्या. आमच्या गावच्या वेशीवर अगदी असाच आहे. आई रोज त्याला फूल वाहते. मी साबण उचलला, दगड धुतला, कुंकू लावलं, तगरीचं फूल ठेवलं. कुणाला सांगितलं नाही.

आता यात माझी चूक एवढीच, की तेव्हा नळ कोरडा पडून तीन दिवस झाले होते. फूल ठेवून अर्धा तास झाला नसेल, नळ फुरफुरला आणि धो धो सुटला. मावशी ओरडली, "इला गे इला! पाणी इला!" तिनं नळाकडे बघितलं, मग दगडाकडे, मग फुलाकडे. संपलं. आठव्या दिवशी दगडाला शेंदूर होता. पंधराव्या दिवशी नारळ. महिन्याभरात मंगळवारची आरती. नाव पडलं नळोबा.

काका आठ दिवस भावाकडे गिरगावात गेले होते, ते नेमके शेंदराच्या दिवशी परतले. छत्री खोलीत ठेवली नाही, चपला काढल्या नाहीत. घासलेटात चिंधी बुडवून थेट दगडाशी बसले आणि शेंदूर घासायला लागले.

"देव नाही, माणूस आहे तो! नमस्कार करू नका, नाव विचारा त्याला!"

"नाव इचारूक तो काय तुमच्या कचेरीत इलोसा?" मावशी म्हणाली.

"आला असता तर बरं झालं असतं! लिहून तरी घेतला असता!"

दोघांचं हे भांडण पुढे चार वर्षं चाललं. सकाळी काका शेंदूर खरवडायचे, संध्याकाळी मावशी लावायची. दगडाला आंघोळ मात्र रोज होऊ लागली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुपारी त्यांच्या दाराशी जाऊन उभी राहिले. म्हटलं, "काका, पयला फूल मी घातलंय. माका माफ करा." त्यांनी मला खुर्ची दिली. मला तोवर कुणी खुर्ची दिली नव्हती, म्हणून मी उभीच राहिले. का घातलंस, म्हणाले. मी आईचं सांगितलं. बाबा येऊदेत म्हणून ती वेशीवरच्या दगडाला फूल वाहते, ते सांगितलं.

 काकांनी विचारलं, "तिथला खालचा कप्पा पाहिलायस?"

"नाय. जमिनीत गेलाय."

"इथलाही," काका म्हणाले. "वीस वर्षं झाली."

मग त्यांनी मला सांगितलं ते असं. याला वीरगळ म्हणतात. कुणी लढताना, गाई सोडवताना, गाव राखताना पडलं, की गाव त्याच्या नावानं असा दगड उभा करी. सात-आठशे वर्षांपूर्वीची गोष्ट. "दगडाची चाळच समज. तळमजल्यावर माणूस मरतो. पहिल्या मजल्यावर अप्सरा त्याला हाताला धरून नेतात. दुसऱ्या मजल्यावर तो महादेवापुढे हात जोडून बसतो. आणि नळाला चोवीस तास पाणी." शेवटचं त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं की मी खरंच मानलं. "वरचे दोन मजले सगळ्यांचे सारखे. काय ते खालच्या कप्प्यात. गाई असल्या तर गाईंसाठी गेला. घोडे असले तर लढाईत. तीस वर्षं मी रकाना भरला, माणूस कशाने मेला. पटकी, ताप, क्षय. त्या अडाणी पाथरवटाला कळत होतं, विचारायचं ते कशासाठी मेला!"

रविवारी ते ठाण्याकडे, वसईकडे, कुठे कुठे असे दगड बघत हिंडायचे. उरलेले सहा दिवस चाळीतल्या माणसांचे खालचे कप्पे ठरवायचे. नळावर भांडणाऱ्या छबूताईंना म्हणाले, "तुमच्या कप्प्यात हंडे. तीन पडलेले, एक उगारलेला." मावशीला म्हणाले, "तुम्ही मधोमध, हातात लाटणं, समोर पंचवीस गिरणीवाले आणि भाकऱ्यांची चवड. तुम्ही लढता लढता जाणार." मावशी म्हणाली, "आधी तुमका पोचवतंय, मगे जातंय." पण त्या दिवशी तिनं त्यांच्या ताटात माशाची एक तुकडी जास्त वाढली, हे मी बघितलं.

"आणि तुमच्या कप्प्यात काय, काका?" मी एकदा विचारलं.

"टेबल-खुर्ची कुणी कोरत नाही, बाई."

नळाजवळच्या दगडाचा खालचा कप्पा बघायचा, हाच त्यांचा ध्यास. पण फरशी उखडायला मालक परवानगी देत नव्हता, आणि मावशीचा पक्ष म्हणे, देवाला उकरतात का? काका रोज सकाळी दगडासमोर उभे राहून विचारायचे, "काय हो, कशासाठी?"

मग ते दिवस आले. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही म्हणून सगळं गिरणगाव पेटलं. गिरण्या बंद, दुकानं बंद. पोलिसांच्या गाड्या अडवायला पोरं हाताला येईल ते रस्त्यात टाकत होती. पिंपं, बाकडी, हातगाड्या. एका सकाळी चार पोरं पहारी घेऊन आमच्या चौकात शिरली आणि नळाजवळच्या फरश्या उखडायला लागली. दोन फरश्या निघाल्या. मग पहार दगडाखाली गेली. दगड हलला.

काका खोलीतून आले ते पळत नाही, चालतच आले. दगडावर बसले. छत्री उघडून डोक्यावर धरली. ऊन नव्हतं.

"काका, उठा. गाडी येईल."

"येऊ दे."

"तुम्ही आमच्या बाजूचे की नाही?"

काका ताठ झाले आणि त्या किडकिडीत छातीतून ओरडले, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र—"

"झालाच पाहिजे!" पोरं ओरडली. त्यांना राहवलंच नाही.

"झालाच पाहिजे. पण ह्याच्या अंगावरून नाही. हा तुमच्या आधी कुणासाठी तरी पडलाय. पडलेल्या माणसाला परत आडवा करता? तू, पहारवाल्या! पूर्ण नाव?"

"प्रकाश," पोरगा चाचरला. "प्रकाश दगडू शिंदे."

"वडील?"

"हयात."

"बोलावू?"

पोरं दोन फरश्या घेऊन पळाली. पहार विसरली.

दगड एका बाजूला कलला होता. खालचा भाग वर आला होता, पण सगळा चिखलानं लिंपलेला. काका उठले, वाकले, आणि मला म्हणाले, "पाणी." नळाला तर थेंब नव्हता. तेव्हा मावशीनं आपला पिण्याचा हंडा आणला. तिनं दगडावर पाणी ओतलं, आणि चिखल ओघळला.

होडी होती.

लांबट, नाळ म्हणजे पुढचं टोक वर उचललेलं. ओळीनं वल्ही. वल्ह्यांमागे माणसांची डोकी, शेंगदाण्याएवढी. आणि खाली, पाण्याच्या वाकड्या रेघांमध्ये, एक माणूस आडवा. त्याचा एक हात वर आलेला.

वीस वर्षं काका जे बघायला थांबले होते ते समोर होतं, आणि ते बघत होते माझ्याकडे. मी त्या होडीसमोर खाली बसले होते.

"इथे तेव्हा गिरणी नव्हती," ते म्हणाले. "खाडी होती. होड्या यायच्या."

"काका, ह्येचा मढा गावला आसतला?"

"समुद्रात गेलेल्याचं कुठलं सापडतं?"

"मगे दगड कसो बसवलो?"

काका माझ्याजवळ जमिनीवर बसले, चिखलातच. "त्या खिडकीत मी खलाशांच्या बायकांना विचारायचो, प्रेत कुठाय? दाखला कुठाय? नियमच होता. प्रेताशिवाय नोंद नाही. किती जणी परत गेल्या, कडेवर पोरं घेऊन. मला एकीलाही सांगता आलं नाही, की बाई, कागदाला प्रेत लागतं. दगडाला लागत नाही."

संक्रांत नुकतीच झाली होती. दुसऱ्या दिवशी काकांनी कुठून तरी पतंगाचा पांढरा कागद आणला. तो होडीवर ताणून धरायला मला लावलं आणि चुलीतला कोळसा फडक्यात बांधून वरून घासत गेले. दोन कागद फाटले. तिसऱ्यावर होडी उतरली, वल्ह्यांसकट, त्या हातासकट. तो कागद आईला पाठवायचा म्हणून मी पत्र लिहिलं. काय लिहायचं ते काकांनी सांगितलं नाही, एवढंच म्हणाले, "वडिलांचं पूर्ण नाव लिही." मी लिहिलं, विठोबा सोमा धुरी. सोमा चुकून दोनदा लिहिलं.

त्या दिवसांत शहरात गोळ्या सुटल्या. माणसं पडली. रोज सकाळी काका वर्तमानपत्र घेऊन त्या दगडाजवळ उभे राहायचे आणि गेलेल्यांची नावं मोठ्यानं वाचायचे. पाण्याच्या रांगेतल्या बायका हंडे खाली ठेवायच्या. छबूताईसुद्धा गप्प उभ्या राहायच्या. कुठे नुसतं 'एक इसम' छापलेलं असलं की काका चष्मा काढून पुसायचे आणि तेवढा वेळ थांबून पुढचं नाव घ्यायचे. कुणी त्यांना मयतकाका म्हटलेलं मी त्यानंतर ऐकलं नाही.

आईचं उत्तर महिन्यानं आलं, मास्तरांच्या अक्षरात. होडी पोचली. पुढून तिसरं डोकं तुझ्या बापाचं, मान तशीच वाकडी. कागद देवामागे ठेवलाय. या सर्वपित्रीला पान वाढीन. आणि शेवटी, मास्तरांनी आईचेच शब्द ठेवले होते: 'आता दिवेलागणीक जेवतंय. तू काळजी करू नको.' कुंकवाचं तिनं काय केलं ते लिहिलं नव्हतं. मीही विचारलं नाही. ते तिचं तिनं ठरवायचं.

पत्र मी काकांना वाचून दाखवलं. त्यांनी फक्त "तिसरं" एवढं म्हटलं, आणि दगडाकडे जाऊन बोटानं डोकी मोजून आले.

त्या वर्षीच्या सर्वपित्रीला मी आईसाठी म्हणून सकाळी त्यांच्या खोलीत गेले. बाबांच्या नावानं पाणी सोडायचं होतं आणि मला मंत्र येत नव्हते. काका पाटावर बसले होते, समोर ताम्हन, तीळ. मंत्र म्हणत नव्हते. नावं घेत होते. खिडकीतून परत पाठवलेल्या बायकांच्या नवऱ्यांची, पूर्ण नावं, सगळी पाठ. एकेक नाव, एकेक पळी. शेवटी त्यांनी विठोबा सोमा धुरी म्हटलं. मी हात जोडले. मला वाटलं झालं.

त्यांनी आणखी एक पळी सोडली. नाव न घेता.

"ही कुणाची, काका?"

"नोंद आहे. नाव नाही."

मला कळलं नाही. ते ताम्हनाकडे बघत म्हणाले, "नऊ दिवसांची होती माझी. बारशाला तीन दिवस होते. तिची आई आधीच गेली होती. दुसरा कारकून रजेवर होता, म्हणून नोंद मीच केली. स्त्री जातीचं मूल. नावाच्या रकान्यात रेघ मारावी लागते. नियमच होता." मग पळी पुसून ठेवली. "चांगलं अक्षर आलंय त्या दिवशी माझं."

त्यानंतर ते मला बाई म्हणायचे बंद झाले. शेवंता म्हणायचे, आणि दर वेळी पूर्ण, शेवंता विठोबा धुरी, जणू कुणीतरी ऐकून लिहून घेतंय.

महाराष्ट्र झाला त्याच वर्षी काका परळच्या इस्पितळात गेले. शेवटच्या दिवशी मावशीनं त्यांना पेज भरवली. म्हणाली, "उठा, नळोबाक शेंदूर लावलंय, खरवडूक कोण नाय." ते हसले. तेवढंच.

नोंद करायला मी गेले. भाऊ आजारी होते, दुसरं कुणी नव्हतं. तीच कचेरी, तीच खिडकी, आत नवा माणूस. त्यानं मान वर न करता विचारलं, "मयताचं पूर्ण नाव?" मी सांगितलं. न चुकता.

"तुम्ही मयताच्या कोण?"

शब्द माझ्या ओठावर आला होता. पण सरकारी कागद. खोटं लिहिलं आणि कुणी विचारलं तर? मी चौथी शिकलेली, मला कायद्यातलं काय कळतं? माझी छाती धडधडली आणि मी म्हटलं, "शेजारीण."

त्यानं लिहिलं. रकाना भरला. त्याचं काही चुकलं नाही. चुकले मी, आणि ते मला अजून झोंबतं.

काका सांगायचे, काही दगडांवर सगळ्यात खाली एक ओळ असते. दगड कुणी बसवला त्याची. मुलानं, भावानं, बायकोनं. काका, मी वचन देते. आज नाही जमणार, पण एक दिवस पाथरवट गाठीन आणि तुमचा दगड नळाजवळ त्याच्याशेजारी उभा करीन. खालच्या कप्प्यात काय ते ठरलेलं आहे. किडकिडीत म्हातारा दगडावर बसलेला, डोक्यावर उघडी छत्री, समोर पहारी घेतलेली चार पोरं. मावशीनं शेंदूर लावला तर मी खरवडीन. आणि सगळ्यात खाली, त्या ओळीत, घाबरून नाही, न चुकता कोरून घेईन: हा दगड अनंत मोरेश्वर गुप्ते यांची मुलगी शेवंता हिनं बसवला.